एसएमपीएस बदलण्याआधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरी जुळवलेला पीसी चालता चालता बंद पडू लागला, की पहिला संशय एकाच भागावर जातो : एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, उडाला. कधी तो खराही ठरतो. पण अंदाजाने एकेक भाग बदलत गेलं, की विद्यार्थ्याने साठवलेले पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. याचं वाईट वाटतं, कारण बहुतेक चाचण्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी पीसी नेमका कसा बंद पडतो ते पाहा. पडदा काळा झाला पण पंखे फिरताहेत, तर वीज गेलेली नाही. ग्राफिक्स कार्ड, केबल किंवा मॉनिटर तपासा. निळा पडदा क्षणभर चमकून पीसी पुन्हा सुरू झाला, तर तो विंडोजने स्वतः केलेला रीस्टार्ट आहे. तशी सेटिंग मुळातच चालू असते. ती बंद करा, म्हणजे त्रुटीचा कोड वाचता येईल. अशा वेळी रॅमवर संशय घ्यावा, विशेषतः बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, चालू केला असेल तर. कारण ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. पंखे, दिवे, सगळं एका क्षणात थांबलं, तरच प्रश्न विजेचा. त्यातही मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय पीसी पुन्हा सुरूच होत नसेल, तर ही मोठी खूण आहे : एसएमपीएसने स्वसंरक्षणासाठी स्वतःला बंद केलंय. म्हणजे तो बिघडलेलाच असेल असं नाही. जास्त करंट किंवा शॉर्टसर्किट दिसल्यावर बंद होणं हे त्याचं कामच आहे.

"इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ दिसतंय, म्हणजे एसएमपीएसच." हा गैरसमज फार पसरलेला आहे. ही नोंद विंडोज पुढच्या वेळी सुरू झाल्यावर करतं आणि तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. लाइट गेली तरी हीच नोंद होते, पॉवर बटण दाबून धरलं तरी हीच. त्या नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड असतो. तो शून्य नसेल तर विंडोज आधी कोसळलं होतं, वीज तुटलेली नव्हती. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायची उसंतच मिळाली नाही, एवढंच कळतं.

"प्रोसेसर तापतो म्हणून बंद पडतो." आजचे प्रोसेसर तापले की आधी आपला वेग कमी करतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५. त्याहीपुढे तापमान गेलं, तरच ते वीज तोडतात. म्हणून एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधून तापमानाची नोंद फाइलमध्ये चालू ठेवा आणि पीसी बंद पडल्यावर शेवटची ओळ वाचा. तिथे ७० असेल, तर नवा कूलर घेऊन काही साधणार नाही. मात्र कूलरखालचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा राहिला असेल किंवा लिक्विड कूलरचा पंप थांबला असेल, तर पारा काही सेकंदांत चढतो.

"साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस आहे, बेरीज पाचशेच्या आत येते, मग कमी कसा पडेल?" नव्याने जुळवलेल्या पीसीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. बेरीज सरासरीची असते. ग्राफिक्स कार्ड मात्र मिलिसेकंदाहूनही कमी वेळ सरासरीच्या कितीतरी पट वीज ओढू शकतं. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८०चा आकडा ३२० वॅट होता, तरी एनव्हिडियाने ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवला होता. या मालिकेतल्या कार्डांच्या अशा झटक्यांनी अनेक चांगले एसएमपीएसही संरक्षणात जाऊन बंद पडले. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने याची दखल घेतली : नव्या सोळा पिनांचा कनेक्टर असलेल्या, ४५० वॅटवरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. म्हणूनच तासभराची एकसारख्या ताणाची चाचणी पार करणारा पीसी गेममध्ये दृश्य बदलताच बंद पडू शकतो.

हे फुकटात तपासता येतं. आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम रेटला मर्यादा घाला आणि नेहमीचा गेम खेळा. बंद पडणं थांबलं, तर संशय वीजपुरवठ्यावर पक्का होतो. मग केबल पाहा. आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॅट, स्लॉटची ७५. कार्डाला अशा दोन जोडण्या लागत असतील, तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या केबल ओढा.

स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसचं लेबलही वाचा. वर '४५०' छापलेलं असतं, पण १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिले असतील तर प्रोसेसर आणि कार्डासाठी खरे १९२ वॅटच आहेत. '८० प्लस गोल्ड'चा शिक्काही फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो; संरक्षण कसं चालतं, हे त्यात तपासलेलं नसतं.

"यूपीएस आहे, म्हणजे लाइटचा प्रश्न मिटला." घरोघरी दिसणारा ६०० व्हीए यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. लाइट गेली आणि तेव्हाच गेम चालू असेल, तर यूपीएस भार न पेलून सगळंच बंद करतो. शिवाय एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढाही तो टिकत नाही. यूपीएसला बॅटरीवर जायला थोडा उशीर झाला, तरी पीसी गेलाच. काही दिवस यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही वगळून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. स्टॅबिलायझरची मात्र सहसा गरज नसते. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेला एसएमपीएस व्होल्टेजचा चढउतार स्वतःच सांभाळतो.

कॅबिनेटचं अडकलेलं पॉवर बटणही असाच छळ करतं : चार सेकंद दाबलेलं राहिलं की मदरबोर्ड वीज तोडतो. त्याची वायर मदरबोर्डवरून काढा, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवून पीसी सुरू करा आणि चालवून पाहा. मदरबोर्डखाली भोक नसलेल्या जागी एखादा पितळी स्टँडऑफ राहिलाय का, तेही बघा. पाठीमागे धातू टेकला की शॉर्ट होतो.

हे सगळं करूनही दोष राहिला, तर मित्राकडचा खात्रीचा, पुरेशा क्षमतेचा एसएमपीएस लावून पाहा, पण त्याच्या स्वतःच्या केबलसकट. मॉड्युलर केबलचं मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही मानक नाही. दुसऱ्या मॉडेलची केबल अगदी नीट बसली, तरी हार्ड डिस्क जाळून टाकू शकते. जुना एसएमपीएस कुतूहलापोटीही उघडू नका. त्यातल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.