कानाला सोसेल, कनवटीला परवडेल

आज बोलायचंय एका छोट्या वस्तूबद्दल. इयरफोन!

घरातल्या टीव्हीवर कुणाची ना कुणाची सत्ता असतेच. आपल्या वाट्याला येतो बटणाचा मोबाईल, नाहीतर मेमरी कार्डवर गाणी भरलेला छोटा प्लेअर. भाकरी थापताना, निंदणी करताना, शिवणाला बसल्यावर कानात अभंग, कीर्तन, बातम्या, जुनी गाणी लावली की हात चालू राहतात आणि मनही रमतं. कुणाची झोपमोड नाही, कुणाची कटकट नाही. पण बाजारातून उचललेला इयरफोन पंधरा मिनिटांत कान दुखवतो, नाहीतर दोन महिन्यांत एका बाजूनं मुका होतो. मग दुसरा आणा, तिसरा आणा.

म्हणून घेण्याआधी प्रकार ओळखू या. बाजारात मुख्यतः 3 प्रकार मिळतात. पहिला कडक बोंडाचा, जो कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो. तो स्वस्त असतो आणि बाहेरचे आवाजही ऐकू येतात, पण कान लहान असेल तर कडा रुततात, नाहीतर तो सारखा निसटतो. दुसरा मऊ रबरी टोपीचा, जो कानाच्या भोकात थोडा आत बसतो. तिसरा डोक्यावरून पट्टा येणारा, कानावर गादी टेकवणारा. त्यानं कानाच्या आत काही जात नाही, पण बुगडी, वेल, मोठी कुडी घालत असाल तर गादीखाली दागिना दाबला जातो. उन्हात घामही येतो.

बहुतेकींना परवडणारा आणि सोसणारा म्हणजे रबरी टोपीचा. मात्र पाकिटात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या 3 जोड्या आहेत का, ते बघून घ्या. इयरफोनवर बसवलेली असते ती बहुधा मध्यम. कान दुखायला लागला की आपण इयरफोनला नावं ठेवतो. खरं तर लहान टोपी चढवली की काम होतं. आपले दोन्ही कान अगदी सारखे असतीलच असं नाही, तेव्हा एकीकडे लहान आणि दुसरीकडे मध्यम टोपी लावली तरी चालतं.

घालायची रीतही सांगते. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे हलकेच ओढा, मग टोपी आत सरकवा. काढताना हिसका नको, जरा फिरवून सावकाश काढा. वायर पुढून सोडली की मंगळसूत्रात अडकते. ती कानावरून मागे घेऊन मानेमागून खाली सोडली की ओढ बसत नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. टोपी नीट बसली नाही की तबल्याचा, ढोलकीचा भरीव आवाज निघून जातो आणि गाणं पोकळ लागतं. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. म्हणजे नीट न बसणारा इयरफोन नुसता टोचत नाही, तो कानाचं नुकसानही करतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. तिथल्या साधारण 15 हजार सूक्ष्म केसाळ पेशी आवाज टिपतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. त्यावर गोळी नाही, थेंब नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं, की मोठ्या माणसानं 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. आवाज 90 डेसिबलवर गेला की तेच 40 तास 4 तासांवर येतात. आपल्याकडे मोजायचं यंत्र नाही, म्हणून साधं माप लक्षात ठेवा. आवाजाच्या 10 रेघा असतील तर 6 च्या वर जायचं नाही. हातभर अंतरावरची बाई साध्या आवाजात बोलली तर ते कळलं पाहिजे. पिठाची गिरणी किंवा मळणी यंत्र चालू असताना त्याच्या वरताण आवाज लावू नका, तेवढा वेळ गाणं बंद ठेवा. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडे बसले, तर कान तक्रार करतोय असं समजा. रस्त्यानं चालताना आणि शेतात एकटं असताना एक कान मोकळा ठेवा. मागून येणारी गाडी आणि गवतातली सळसळ, दोन्ही ऐकू यायला हवं.

आता खरेदी. दुकानात जाताना आपला मोबाईल किंवा प्लेअर बरोबर न्या. त्याला गोल भोक आहे की चपटं सी टाईप, ते बघा, कारण नव्या काही मोबाईलना गोल भोक नसतं. पाठ असलेलं गाणं लावा. दोन्हीकडे सारखं ऐकू येतंय का, ते तपासा. पिनेजवळ वायर हलकेच हलवा, खरखर झाली तर परत द्या. वायर बहुधा तिथेच तुटते, म्हणून तिथे रबराची जाड बाही असलेला किंवा काटकोनात वळलेल्या पिनेचा घ्या. बिल आणि गॅरंटी मागा, लाजू नका.

हिशोबही करून बघा. समजा, 100 रुपयांचा दर दोन महिन्यांनी बदलला, तर वर्षाला 600 गेले. 350 चा वर्षभर टिकला तर 250 वाचले. वायर मोबाईलभोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून छोट्या डबीत ठेवा.

बिनवायरचा घ्यावा का, असं काहीजणी विचारतात. तो वायरीच्या कटकटीतून सोडवतो, पण रोज चार्ज करावा लागतो आणि पटकन हरवतो. शिवाय मोबाईलवर एफएम रेडिओ ऐकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की इयरफोनची वायर हीच बहुतेक मोबाईलमध्ये रेडिओची एरियल असते. वायर नसेल तर रेडिओ लागत नाही. सामुदायिक रेडिओ केंद्राची ताकद साधारण 100 वॅटची, म्हणजे लांबच्या वस्तीवर आवाज क्षीण होतो. तिथे वायर गोळा करून न ठेवता मोकळी सोडली की रेडिओ जास्त स्वच्छ लागतो.

शेवटी स्वच्छता. आठवड्यातून एकदा रबरी टोप्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. आतली जाळी कोरड्या जुन्या ब्रशनं झाडा, तिला पाणी लावू नका. एकीचा इयरफोन दुसरीनं वापरू नये. वापरायचाच झाला तर टोप्या आपापल्या हव्यात. गटाच्या बैठकीत सगळ्यांना ऐकायचं असेल तर छोटा स्पीकर बरा. कान वाहत असेल, ठणकत असेल तर इयरफोन बंद. तेल सोडू नका, काडी घालू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.

पुढच्या बैठकीला आपापले इयरफोन घेऊन या. कुणाच्या कानाला कोणती टोपी बसते ते एकमेकींना दाखवा, आणि आवाज कितव्या रेघेवर आहे तेही बघा.