तीन वळूंनी तगवलेला कळप

हनी फ्लॅट हा टेक्सासमधल्या कॅप्रॉक कॅनियन्स स्टेट पार्कचा आरव्हीतळ, म्हणजे चाकांवरच्या घरांचा तळ. विजेचा खांब, पाण्याचा नळ, टेबल, आणि चहूकडे मोकळं माळरान. डॅलसहून पाचेक तास गाडी चालवून आलेली कुटुंबं इथं आरव्ही लावतात, पाण्याची नळी जोडतात, पायऱ्या खाली सोडतात. आणि सकाळी दार उघडावं तर कधीकधी समोर बायसन उभा. पूर्ण वाढलेला नर नऊशे किलोपर्यंत भरतो. तळाच्या रस्त्यानं तो आपल्या चालीनं जातो, वाटेत खांबाला खांदा घासतो आणि हिवाळ्यातल्या लोकरीचे तपकिरी झुबके तिथंच सोडतो. मुलं खिडकीच्या काचेला नाक लावून बघत राहतात. नात्याच्या दृष्टीनं हा प्राणी आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या गव्यापेक्षा तिबेटातल्या याकला जवळचा, पण खांद्यावरचा तो उंचवटा पाहून कोल्हापूरकराला आधी गवाच आठवेल.

त्या खिडकीतून दिसणारा कळप अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वी संपण्याच्या बेतात होता. गोळीनं नव्हे, आतल्या आत.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर एकेकाळी बायसन कोट्यवधींनी होते. कातड्यांच्या व्यापारासाठी त्यांची कत्तल झाली आणि एकोणिसावं शतक सरता सरता जेमतेम हजारभर उरले. ही कत्तल चालू असतानाच, १८७८च्या सुमारास, जवळच्याच पालो ड्युरो दरीत गुरांचा रँच चालवणारे चार्ल्स गुडनाइट यांच्याकडे पत्नी मेरी अ‍ॅन यांनी आग्रह धरला, की निदान काही वासरं तरी वाचवा. मूठभर वासरं धरून आणली गेली. त्यांचाच वंश पुढे शतकभर त्या परिसरात टिकला आणि १९९७मध्ये तो कॅप्रॉकला, राज्य सरकारच्या देखरेखीखाली आला. दक्षिणेकडच्या मैदानी बायसनांचा हा उरलेला शेवटचा धागा.

पण गायी वेळेवर गाभण राहत नव्हत्या आणि जन्मलेल्यांपैकी बरीच वासरं वर्षाच्या आत दगावत होती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला तेव्हा कारण उघड झालं. प्रत्येक प्राण्याकडे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत सदोष असली तरी बहुतेक वेळा दुसरी निभावून नेते, म्हणून दोष लपून राहतो. मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या कळपात मात्र पिढ्यान् पिढ्या नात्यातलेच नर-मादी जुळतात. सदोष प्रतीला जोडीदार म्हणून तीच सदोष प्रत मिळते आणि लपलेला दोष अंगावर येतो. प्रजनन मंदावतं, पिल्लं अशक्त निपजतात, संख्या घटते, आणि घटलेल्या संख्येत नातं आणखी जवळचं होतं. शास्त्रज्ञांनी संगणकावर हिशेब मांडला. बाहेरून नवी जनुकं आली नाहीत, तर अर्ध्या शतकाच्या आसपास कळप नामशेष होणं जवळपास निश्चित होतं.

बाहेरचे नर आणायचे तर शेवटचा धागा पातळ होणार. न आणायचे तर तो तुटणार. शिवाय पूर्वी रँचवाल्यांनी बायसन आणि गाय यांचे संकर केले होते, खुद्द गुडनाइट यांनीही. म्हणून बाहेरचा नर निवडताना त्याच्यात गुरांची जनुकं किती मिसळली आहेत, हेही बघावं लागतं. २००३मध्ये उद्योजक टेड टर्नर यांच्या न्यू मेक्सिकोतल्या रँचवरून तीन वळू आणले गेले. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. वंश शुद्ध राखून तो काचेच्या पेटीत संपू देण्यात काय मिळवलं असतं? आज कळपाची संख्या शेकड्यांत आहे आणि २०११पासून तो उद्यानाच्या मोठ्या भागात मोकळा फिरतो. तरीही तीन वळू म्हणजे कायमची सोय नव्हे. इतरांपासून तुटलेल्या कळपातलं वैविध्य दर पिढीला थोडं थोडं गळतच राहतं, त्यामुळे जनुकांवर नजर ठेवावीच लागणार.

  

मोकळं सोडल्यामुळे बायसनाची कामंही परत आली. तो धुळीत लोळतो, त्या जागी थाळीसारखा खड्डा पडतो, पाऊस झाला की त्यात पाणी साचतं. प्रेअरी डॉगच्या वस्तीजवळ तो मुद्दाम चरतो, कारण हे खारीच्या कुळातले प्राणी गवत सतत खुडत राहतात आणि तिथं कोवळे कोंब फुटतात. या प्राण्यांच्या बिळाकडे मुलांना जरूर बघायला लावा. एक तोंड रुंद, बसकं; दुसरं उंच, धारदार कडेचं. जमिनीपासून जरा वर वारा अधिक वेगानं वाहतो, त्यामुळे उंच तोंडाशी हवेचा दाब थोडा घटतो; आतली हवा तिथून खेचली जाते आणि बसक्या तोंडातून ताजी आत शिरते. संशोधक स्टीव्हन व्होगेल आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये दाखवून दिलं, की मंद झुळुकीतही साधारण दहा मिनिटांत बिळातली हवा बदलते. आरव्हीच्या छतातला पंखा हेच काम वीज खर्चून करतो.

बायसन शांत दिसला तरी तो ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगानं धावू शकतो. म्हणून उद्यानाचा नियम किमान पन्नास यार्डांचा, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर अंतराचा आहे. शेपटीकडे लक्ष ठेवावं: ती उभी झाली की तो चिडला आहे आणि लगेच मागे सरायला हवं. वसंतात माद्यांसोबत वासरं असतात, उन्हाळ्याच्या अखेरीस माजावर आलेले नर घुमतात, एकमेकांना टकरा देतात. या दोन्ही काळात अंतर नियमापेक्षा जास्तच ठेवावं. कळप तळावरच बसला असेल तर हॉर्न वाजवून उठवू नये, कुत्रं बाहेर काढू नये, आणि तो जाईपर्यंत मुलांना घेऊन आरव्हीतच थांबावं.