गेम कन्सोलमधील बिनतारी मॉड्यूलचा संगणकासाठी पुनर्वापर : एक विवेचन

गोषवारा

विद्युत उपकरण बंद पडले म्हणजे त्यातील प्रत्येक घटक निकामी झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलमधील बिनतारी मॉड्यूल संगणकाला कसे जोडता येते, याचे उदाहरण घेऊन या समजाचा विचार केला आहे. मॉड्यूलचे स्वरूप, विद्युतदाब, डेटा-वाहिन्या, परस्पर-ओळखीची आज्ञा आणि ड्रायव्हर या चार टप्प्यांतील अडथळे आणि त्यांवरील उपाय स्पष्ट केले आहेत. पुनर्वापराच्या मार्गातील खरी अडचण तंत्रज्ञानाची नसून माहितीच्या अभावाची असते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : गेम कन्सोल, बिनतारी मॉड्यूल, यूएसबी, ड्रायव्हर, पुनर्वापर, ई-कचरा

१. प्रस्तावना

एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात विक्रीस आला. त्याच्या पुढील भागावर सुरू-बंद करण्याचे गोल बटण असून त्याभोवती चार भागांत विभागलेले प्रकाशवलय असते. कन्सोल व्यवस्थित चालू असताना हे वलय हिरवे दिसते. मुख्य यंत्रणेत गंभीर बिघाड झाल्यास त्यातील तीन भाग लाल होतात. हा बिघाड इतक्या मोठ्या प्रमाणावर आढळला की, जुलै २००७ मध्ये कंपनीने अशा बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरपेक्षा अधिक खर्चाची तरतूद जाहीर केली. यंत्र वारंवार तापणे व थंड होणे यांमुळे आतील सूक्ष्म जोडण्या तुटत होत्या, असे कारण कंपनीने २०२१ मधील आपल्या माहितीपटात सांगितले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लाल वलय दाखविणारी छोटी पट्टी मदरबोर्डपासून वेगळी असते. मदरबोर्डवरील बिघाडाची सूचना ती देते. परंतु बहुधा ती स्वतः सुस्थितीतच असते. कंट्रोलरशी बिनतारी संपर्क ठेवणारे मॉड्यूल याच पट्टीवर बसविलेले आहे. कन्सोल निकालात निघाला, की हे निरोगी मॉड्यूलही त्याच्यासोबत भंगारात जाते. ते वाचविता येईल काय, आणि येत असल्यास कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. मॉड्यूलचे स्वरूप व कार्य

एक्सबॉक्स ३६० चा बिनतारी कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या पट्ट्यात संदेश पाठवितो. ब्लूटूथही याच पट्ट्यात चालते. तथापि येथे वापरलेली संदेशपद्धती कंपनीची स्वतःची आहे. म्हणून ब्लूटूथ असलेल्या संगणकालाही हा कंट्रोलर थेट ओळखता येत नाही. कंट्रोलर चार्ज करण्यासाठी मिळणारी तार जोडूनही उपयोग होत नाही, कारण तिच्यातून केवळ वीज जाते. बटणे दाबल्याची माहिती रेडिओ लहरींद्वारेच जाते. परिणामी या लहरी समजणारा ग्राहक, म्हणजेच रिसीव्हर, अपरिहार्य ठरतो. संगणकासाठी असा स्वतंत्र रिसीव्हर कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणला होता. कन्सोलमधील मॉड्यूल तत्त्वतः तेच काम करते.

पुनर्वापर शक्य होतो तो एका महत्त्वाच्या कारणामुळे. मॉड्यूल व कंट्रोलर यांच्यातील रेडिओ भाषा खासगी असली, तरी मॉड्यूल व मदरबोर्ड यांच्यातील संपर्क यूएसबी या सार्वत्रिक पद्धतीने होतो. पेनड्राइव्ह किंवा माउस संगणकाशी ज्या पद्धतीने बोलतो, त्याच पद्धतीने हे मॉड्यूल कन्सोलशी बोलते. फरक एवढाच, की येथे यूएसबीचे परिचित सॉकेट न वापरता कन्सोलपुरती वेगळी जोडणी दिलेली आहे. बाहेरून परके दिसणारे हे उपकरण आतून परिचितच आहे.

३. जोडणीतील चार टप्पे

३.१ विद्युतदाब : संगणकाच्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाची वीज मिळते. मॉड्यूलला मात्र ३.३ व्होल्ट लागतात. तार थेट जोडल्यास मॉड्यूल कायमचे जळण्याचा धोका असतो. म्हणजेच सुमारे १.७ व्होल्ट कमी करणे हे पहिले काम होय.

यासाठी अनेक हौशी मंडळींनी एकापुढे एक डायोड जोडण्याचा सोपा मार्ग अवलंबिला. सिलिकॉनच्या साध्या डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. दोन डायोड लावल्यास ३.६ व्होल्ट उरतात आणि तीन लावल्यास २.९ व्होल्ट. यांपैकी कोणताही आकडा नेमका ३.३ नाही. शिवाय डायोडवरील घट विद्युतप्रवाहानुसार थोडी बदलते. त्यामुळे हा मार्ग चालून गेला, तरी तो भरवशाचा म्हणता येत नाही. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर हा शास्त्रशुद्ध उपाय होय. १११७ मालिकेतील रेग्युलेटर बाजारात सहज मिळतो. त्याला आत येणारा दाब बाहेर जाणाऱ्या दाबापेक्षा साधारण १.१ ते १.३ व्होल्टने अधिक असावा लागतो. येथे हे अंतर १.७ व्होल्ट असल्याने अट पूर्ण होते. प्रवाह १०० मिलिअँपिअर धरल्यास रेग्युलेटरमध्ये ०.१७ वॅट उष्णता निर्माण होते. त्यासाठी वेगळ्या उष्णताशोषक पट्टीची गरज भासत नाही.

३.२ डेटा-वाहिन्या : यूएसबी २.० च्या तारेत चार धागे असतात. रूढ रंगसंकेतानुसार लाल धागा ५ व्होल्टचा, काळा ग्राउंडचा, हिरवा धन डेटाचा व पांढरा ऋण डेटाचा असतो. वीजपुरवठा ५ व्होल्टचा असल्यामुळे डेटाच्या धाग्यांवरही तेवढाच दाब असेल, असे विद्यार्थ्यांना स्वाभाविकपणे वाटते. प्रत्यक्षात यूएसबीच्या मूळ दोन्ही वेगांवर, म्हणजे सेकंदाला १.५ व १२ मेगाबिट वेगाच्या संपर्कात, डेटा-वाहिन्यांवरील उच्च पातळी ३.३ व्होल्टच्या आसपासच असते. म्हणून हिरवा व पांढरा धागा मॉड्यूलच्या संबंधित टोकांना थेट जोडता येतो. फक्त त्यांची अदलाबदल होणार नाही आणि जोड लांबलचक राहणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागते.

३.३ परस्पर-ओळखीची आज्ञा : तार जोडली, वीज मिळाली, तरी कंट्रोलर व मॉड्यूल यांची एकमेकांशी ओळख झालेली नसते. कन्सोलवर यासाठी एक छोटे बटण असते. ते दाबले की कन्सोलची मुख्य यंत्रणा मॉड्यूलला ‘नवा कंट्रोलर शोध’ अशी आज्ञा देते. मॉड्यूल कन्सोलमधून बाहेर काढल्यावर आज्ञा देणारी यंत्रणाच मागे राहते. एखाद्या कार्यालयात शिपाई हजर असावा. पण त्याला काम सांगणारे कोणीच नसावे, तशी ही स्थिती होय.

ही आज्ञा यूएसबीवरून जात नाही. त्यासाठी दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत : एक डेटाची व दुसरी क्लॉकची. संपर्क सुरू करताना आज्ञा देणारी बाजू डेटा-वाहिनी शून्य पातळीवर आणते. त्यानंतर मॉड्यूल स्वतः क्लॉकचे ठोके देऊ लागते. प्रत्येक ठोक्यासरशी एक बिट याप्रमाणे दहा बिटांची आज्ञा पाठवायची असते. येथे ताल मॉड्यूलचा असतो व आज्ञा देणाऱ्याने त्या तालावर चालायचे असते. कंट्रोलर शोधण्याची आज्ञा ‘०००००००१००’ अशी आहे. वलयातील दिवे सुरू करण्याची आज्ञा ‘००१००००१००’ अशी आहे. दोहोंत केवळ तिसऱ्या बिटाचा फरक आहे. कन्सोलमध्ये ‘तीन भाग लाल कर’ ही अशुभ सूचनाही मॉड्यूलला याच दोन वाहिन्यांवरून मिळते.

हे काम आर्डुइनोसारख्या स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्डवर वीस-पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅमने करता येते. मात्र अनेक आर्डुइनो बोर्ड ५ व्होल्टवर चालतात, म्हणून ३.३ व्होल्टचा बोर्ड निवडणे किंवा मध्ये पातळी बदलणारे परिपथ ठेवणे इष्ट. आज्ञा मिळताच वलयातील दिवे फिरू लागतात. त्या वेळी कंट्रोलरच्या वरच्या कडेचे छोटे बटण दाबल्यास दोघांची ओळख होते.

३.४ ड्रायव्हर : संगणकाला जोडलेले प्रत्येक यूएसबी उपकरण प्रथम आपली ओळख सांगते. त्यात उत्पादकाचा एक व वस्तूचा एक असे दोन क्रमांक असतात. माउस, कीबोर्ड यांसारखी उपकरणे एका सर्वमान्य वर्गात मोडतात. त्यामुळे ती कोणत्याही संगणकावर आपोआप चालतात. एक्सबॉक्स ३६० चे मॉड्यूल त्या वर्गात मोडत नाही. ते स्वतःला उत्पादकाच्या खास वर्गातील उपकरण म्हणवते. संगणकासाठी विकल्या गेलेल्या रिसीव्हरचा वस्तुक्रमांक ०७१९ आहे, तर कन्सोलमधील मॉड्यूलचा ०२९१. दोघांचे काम सारखेच. परंतु विंडोजला ओळख केवळ पहिल्याची. त्यामुळे मॉड्यूल जोडल्यावर ‘अनोळखी उपकरण’ असा शेरा दिसतो. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून रिसीव्हरचा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये फेरफार करण्याचे टाळावे, कारण त्यामुळे तिची डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरते.

लिनक्समध्ये ही अडचण उरत नाही. त्याच्या कर्नेलमधील एक्सपॅड या ड्रायव्हरच्या यादीत ०७१९ व ०२९१ हे दोन्ही क्रमांक नोंदविलेले आहेत. एका यादीत एक ओळ असणे आणि दुसरीत ती नसणे, एवढ्यावर एखादे उपकरण उपयुक्त ठरते की कचरा ठरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

४. शैक्षणिक उपयुक्तता

या मॉड्यूलशी एका वेळी चार कंट्रोलर जोडता येतात. प्रत्येक कंट्रोलरवर दोन अ‍ॅनालॉग दांडे व दोन ट्रिगर असतात. दांड्याच्या प्रत्येक अक्षाची स्थिती –३२७६८ ते ३२७६७ या मर्यादेतील संख्येने, तर ट्रिगरची स्थिती ० ते २५५ या मर्यादेतील संख्येने संगणकाला कळते. अ‍ॅनालॉग राशीचे अंकीय राशीत रूपांतर, सोळा व आठ बिटांतील सूक्ष्मतेचा फरक, दांडा सोडल्यावरही नेमके शून्य न येण्याचे कारण इत्यादी संकल्पना विद्यार्थ्यांना हाती धरून तपासता येतात. छोट्या यंत्रमानवाचे नियंत्रण हाही पुढचा उपक्रम होऊ शकतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच प्रयोगात अनेक विषय एकत्र येतात. विद्युतदाबाचा प्रश्न भौतिकशास्त्राचा, परिपथाचा इलेक्ट्रॉनिक्सचा, आज्ञेचा संगणकशास्त्राचा, तर भंगाराचा प्रश्न पर्यावरण व वाणिज्य या दोहोंचा आहे. तयार किटवर केलेल्या प्रयोगात उत्तर आधीच ठरलेले असते. येथे विद्यार्थ्याला उपकरण काय सांगत आहे, हे स्वतः ऐकावे लागते.

५. मर्यादा व दक्षता

मॉड्यूल काढण्यापूर्वी कन्सोलचा वीजपुरवठा पूर्णतः तोडणे आवश्यक आहे. पुढील प्लास्टिकचे झाकण व वलयाचे आवरण काढल्यावर मॉड्यूल हाती येते; धातूची आतली पेटी उघडण्याची गरज नसते. संगणकाला जोडण्यापूर्वी रेग्युलेटरमधून ३.३ व्होल्टच येत असल्याची मल्टीमीटरने खात्री करावी आणि लाल व काळ्या धाग्यांत शॉर्ट नसल्याचे तपासावे, अन्यथा मॉड्यूलसोबत संगणकाच्या पोर्टचेही नुकसान होऊ शकते.

२.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट शक्तीच्या मर्यादेसह असल्याने मॉड्यूलच्या अँटेनात किंवा रेडिओ भागात कोणताही बदल करू नये. कन्सोलच्या उर्वरित भागांचाही विचार व्हावयास हवा. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये अधिसूचित होऊन १ मे २०१२ पासून लागू झाले. सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. उपयुक्त भाग काढून घेऊन उरलेला सांगाडा सामान्य कचऱ्यात टाकणे हा पुनर्वापर नव्हे. तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच सोपविला पाहिजे.

एक्सबॉक्स ३६० चे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. त्यामुळे या मॉड्यूलचा पुरवठा आता जुन्या यंत्रांपुरताच आहे. तथापि पद्धतीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. अन्य उपकरणांतील घटकांनाही हाच विचारक्रम लावता येतो.

६. समारोप

वरील विवेचनातील चारही अडथळे पाहता, त्यांपैकी एकही फार अवघड नाही, असे दिसते. एक रेग्युलेटर, चार धागे, दहा बिट आणि यादीतील एक क्रमांक एवढ्यांवर सारे अवलंबून आहे. परंतु यांपैकी एकाची जरी माहिती नसेल, तरी सुस्थितीतील मॉड्यूल निरुपयोगी ठरते. उत्पादकाने आतील संपर्कासाठी यूएसबी हे प्रमाण स्वीकारले होते, म्हणूनच ही वाट मोकळी राहिली. ते खासगी असते, तर हाच पुनर्वापर कितीतरी कठीण झाला असता. यावरून प्रमाणीकरण ही केवळ उत्पादकाच्या सोयीची बाब नसून वस्तूच्या आयुर्मानाशी निगडित बाब आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

लाल वलय यंत्राच्या अखेरीची सूचना देते. सूचना देणारा घटक मात्र जिवंत असतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या कपाटांत ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावलेली अनेक उपकरणे वर्षानुवर्षे पडून असतात. ती निर्लेखित करण्यापूर्वी त्यांत नेमके काय बिघडले आहे आणि काय शाबूत आहे, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास तो एक अर्थपूर्ण शैक्षणिक उपक्रम ठरेल.