ऑगर यंत्र : गिरमिटाचे तत्त्व आणि त्याची मर्यादा

नवी दिल्ली : उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी सिलक्यारा येथील निर्माणाधीन बोगद्याचा काही भाग कोसळून ४१ मजूर आत अडकले आणि ‘ऑगर’ हा शब्द देशभर परिचित झाला. मजुरांच्या सुटकेची मुख्य भिस्त ज्या यंत्रावर होती, ते तत्त्वतः सुताराच्या गिरमिटाचेच महाकाय रूप होय.

गिरमिटाचे टोक लाकूड कापते आणि त्याच्या अंगावरील मळसूत्री कड भुसा बाहेर आणते. ऑगरही ही दोन्ही कामे एकाच फेऱ्यात साधतो. पुढील दाते माती किंवा बर्फ कोरतात. दांड्याभोवतीचे मळसूत्री पाते तो चुरा मागे सारते. त्यामुळे छिद्र स्वतःच्याच चुऱ्याने बुजत नाही.

बर्फाच्या संशोधनासाठी पोकळ ऑगर वापरला जातो. तो फक्त कडेचा बर्फ कोरतो आणि मधला अखंड दंडगोल नळीत शिल्लक राहतो. या हिमगाभ्यातील थर आणि हवेचे बुडबुडे पूर्वीच्या हवामानाची साक्ष देतात. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातील हिमगाभ्यांचा असाच अभ्यास होतो. मात्र बर्फ वितळण्याच्या बेतात असेल, तर ओला चुरा पात्याभोवती पुन्हा गोठून ऑगर अडकू शकतो.

जमिनीतील अडचण निराळी असते. सिलक्यारा येथे ऑगर आडवा चालवण्यात आला. पोलादी नळीच्या आत पाते फिरत राडारोडा बाहेर काढत होते आणि त्याच वेळी नळी पुढे रेटली जात होती. हीच नळी मजुरांच्या सुटकेची वाट ठरणार होती. परंतु सुमारे ६० मीटरचा हा ढिगारा एकजिनसी नव्हता. खडकाच्या तुकड्यांबरोबर बोगद्याच्या आधारासाठी बसवलेल्या पोलादी तुळया आणि सळ्याही त्यात गाडल्या गेल्या होत्या. माती कोरणारी पाती पोलादात गुरफटली. जवळपास ४७ मीटर अंतरावर ऑगर तुटून नळीतच अडकला.

तुटलेले भाग कापण्यासाठी हैदराबादहून प्लाझ्मा कटर आणावा लागला. उरलेले दहा-बारा मीटर अंतर ‘रॅट होल’ पद्धतीने काम करणाऱ्या खाणकामगारांनी नळीत शिरून हाताने खोदले. याच पद्धतीच्या कोळसा खाणकामावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये मेघालयात बंदी घातली होती. १७ व्या दिवशी, २८ नोव्हेंबर रोजी, सर्व ४१ मजूर सुखरूप बाहेर आले.

माती, वाळू, बर्फ यांसारख्या एकसारख्या थरांत ऑगर वेगवान व भरवशाचा ठरतो. मिश्र ढिगाऱ्यात मात्र अडथळा ओळखून तो कापत, चुकवत पुढे जावे लागते. ते काम सिलक्यारात शेवटी माणसाच्या हातांनीच केले. म्हणूनच बोगद्यातील बचावकार्यात यंत्राच्या ताकदीइतकीच ढिगाऱ्याच्या स्वरूपाची आगाऊ माहिती आणि पर्यायी मार्गाची तयारी महत्त्वाची ठरते.