जठराचा कर्करोग आणि वेळेवर झालेली शस्त्रक्रिया

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा तालुक्यांत दुसरबीड हें गांव आहे. तेथील काय किंवा वऱ्हाडांतील दुसऱ्या कोणत्याही गांवचा काय, पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्याच्या पोटांत जळजळ होऊं लागली म्हणजे तो काय करतो? ठेचा बंद करतो, ओवा चावतो, खाण्याचा सोडा घेतो. फार झालें तर दुकानांतून आम्लपित्ताची गोळी आणतो. बरें वाटतें, आणि पेरणी आटोपेपर्यंत पोटाची गोष्ट मागें पडते. बहुतेकांचें दुखणें खरोखरच साधें असतें. परंतु थोड्यांच्या बाबतींत तीच जळजळ जठराच्या कर्करोगाची पहिली खूण असते. आणि गोळीनें तीही कांहीं काळ दबते, हाच खरा धोका होय.

जठराची भिंत चार थरांची असते. अगदीं आंत मऊ अस्तर, त्याखालीं रक्तवाहिन्यांचा सैल थर, नंतर स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून पातळ आवरण. कर्करोग अस्तरांत उगवतो आणि झाडाच्या मुळाप्रमाणें खोल उतरत जातो. तो पहिल्या दोन थरांतच असेल तर त्यास प्राथमिक अवस्थेंतील कर्करोग म्हणावें, अशी व्याख्या जपानी वैद्यांनीं १९६२ सालीं केली. ती आज सर्वत्र मान्य आहे.

कर्करोगासाठीं जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ यांनीं २९ जानेवारी १८८१ रोजीं केली. रोगी ४३ वर्षांची स्त्री होती. रोगट भाग काढून उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. जखम भरली, बाई जेवूं लागली. परंतु सुमारें चार महिन्यांनीं ती वारली, कारण रोग आधींच पसरला होता. शस्त्रक्रियेंत उणें कांहीं नव्हतें; उशीर मात्र झाला होता.

आजची शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर चालते. रोग जठराच्या खालच्या भागांत असेल तर सुमारें दोन-तृतीयांश जठर काढतात; वरच्या भागांत असेल तर पुष्कळदां संपूर्ण जठर काढून अन्ननलिका लहान आंतड्यास जोडतात. भोवतालच्या लसिकाग्रंथीही काढतात, कारण रोग बहुधा त्याच वाटेनें पसरतो. तो अस्तरापुरताच असेल तर शंभरांत फार तर चार-पांच रोग्यांच्या ग्रंथींत सांपडतो. दुसऱ्या थरांत उतरला कीं हेंच प्रमाण वीसांच्या आसपास जातें. अगदीं लहान व वरवरची गांठ तोंडावाटे दुर्बीण घालून, पोट न चिरतां काढतां येते.

जपानांत प्राथमिक अवस्थेंत शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक रोगी पांच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोग दूरच्या अवयवांत पोंचल्यावर तितका काळ काढणारे शंभरांत दहासुद्धां नसतात. आपल्या देशांत बहुतेक रोगी उशिराच येतात.

“पोटच काढलें तर माणूस जगेल कसा?” हें भय घरोघरीं असतें. तें अनाठायीं आहे. अन्नाचें खरें पचन व शोषण लहान आंतड्यांत होतें. जठर ही कोठी आणि खल. ती गेली तर थोडें थोडें, दिवसांतून पांच-सहा वेळां, नीट चावून खावें. जेवतांना फार पाणी पिऊं नये, एकदम गोड खाऊं नये. संपूर्ण जठर काढलेल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचें इंजेक्शन जन्मभर घ्यावें लागतें.

मग तपासणी केव्हां करावी? पन्नाशीनंतर प्रथमच जळजळ सुरू होऊन गोळी थांबतांच ती परतत असेल, दोन घांसांत पोट भरत असेल, गिळण्यास त्रास, वारंवार उलटी, काळी शौचास, अंगावर फिकेपणा किंवा वजनांत घट असेल, तर दुर्बिणीनें जठर तपासून घ्यावें. तिला कांहीं मिनिटें पुरतात. वॉरन व मार्शल यांनीं १९८२ सालीं शोधलेला जठरांतील जंतु या रोगाचें एक मोठें कारण आहे. त्या शोधास २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तो जंतु औषधांनीं नाहींसा करतां येतो. तंबाखू आणि फार खारट अन्न हींही टाळावीं.

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. नागपुरासही राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. विहिरीची कड ढासळूं लागली तर शहाणा शेतकरी पावसाळ्याची वाट पाहत नाहीं, आधींच बांधून घेतो. पोटाच्या बाबतींतही तोच शहाणपणा हवा.