किरणोत्सारी अस्त्र

किरणोत्सारी पदार्थ पसरवून मनुष्यहानी करणारे किंवा एखादा परिसर वापरास अयोग्य करणारे अस्त्र म्हणजे किरणोत्सारी अस्त्र होय. स्फोटकांच्या साहाय्याने असा पदार्थ पसरविणाऱ्या साधनास 'डर्टी बॉम्ब' म्हणतात. अणुबॉम्बमध्ये होणारे अणुकेंद्राचे विखंडन यात होत नाही. त्यामुळे तात्काळ जीवितहानी बहुधा स्फोटामुळेच होते. १९९५ मध्ये मॉस्कोतील इझमायलोवो उद्यानात चेचेन बंडखोरांनी सीझियम-१३७ ठेवल्याचे उघडकीस आले. मात्र ते पसरविले गेले नव्हते.

परिणाम

बाहेरून किरण लागणे आणि किरणोत्सारी धूळ अंगावर बसणे किंवा पोटात जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्ष-किरण तपासणी झालेला रुग्ण जसा किरणोत्सारी होत नाही, तसेच पहिल्या प्रकारात बाधित व्यक्तीपासून इतरांना धोका नसतो. दुसऱ्या प्रकारात धूळ काढून टाकणे आवश्यक ठरते. मोठ्या मात्रेमुळे उलट्या, त्वचेवर भाजल्यासारख्या जखमा व अस्थिमज्जेची हानी होते. कालांतराने कर्करोगाची शक्यता वाढते.

गोयानिया येथील दुर्घटना

अशा प्रसाराचे परिणाम ब्राझीलमधील गोयानिया शहरात दिसून आले, जरी ती दुर्घटना होती, हल्ला नव्हे. सप्टेंबर १९८७ मध्ये एका बंद पडलेल्या रुग्णालयातील कर्करोगोपचाराचे यंत्र भंगार म्हणून विकले गेले. त्यातील सीझियम-१३७ ची अंधारात निळसर चमकणारी भुकटी कुतूहलाने नातलगांत वाटली गेली. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली, २४९ जण दूषित आढळले आणि सहा वर्षांच्या एका मुलीसह चौघांचा मृत्यू झाला. तिच्या दफनविधीसही जमावाने विरोध केला. सीझियम-१३७ चा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षे असल्याने तेथील घरे पाडून माती हलवावी लागली.

बचाव

घटनेनंतर पक्क्या इमारतीत जाऊन दारे-खिडक्या बंद करावीत. बाहेरचे कपडे काढून पिशवीत बंद केल्यास बरीचशी धूळ दूर होते. नंतर साबण व पाण्याने अंग धुवावे. उघड्यावरील अन्न खाऊ नये. आयोडीनच्या गोळ्या केवळ किरणोत्सारी आयोडीनपासून अवटू ग्रंथीचे रक्षण करतात, सीझियमवर त्या निरुपयोगी आहेत. शरीरात गेलेले सीझियम बाहेर काढण्यासाठी वैद्यकीय देखरेखीखाली प्रशियन ब्लू हे औषध देतात. गोयानियातही ते वापरले गेले होते.