यंत्राचा भाव

जुना प्रोजेक्टर घेताना तंबू टॉकीजचा मालक आधी दातेरी चाके पाही. दाते झिजून आकड्यासारखे वाकले असले, की फिल्मची भोके फाटतात आणि पडद्यावरचे चित्र थरथरते. मग आर्कची बत्ती! कार्बनच्या दोन कांड्या जळतात तसतसे अंतर वाढते. ते ऑपरेटरने सांभाळायचे, धूरही त्यानेच गिळायचा. या सौद्यात त्याला कोण मोजतो?

२०१० नंतर काही वर्षांतच डिजिटलने फिल्मच्या प्रती थांबविल्या. यंत्रे भंगारात गेली. शनिवार पेठेतील आमच्या बैठकीत एका ऑपरेटरने विचारले, "यंत्राला किलोचा भाव आला, माझ्या तीस वर्षांना कोणता?" पाच कामगार असल्यास १९८१ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी मिळे. आम्ही हजेरीपत्रक मागविले. नावे चारच होती.